मोठ्या पक्ष्याची पाठ

राजांच्या लढायांचा इतिहास आपण आवडीनें ऐकतों. परंतु सुरीच्या एका कापालाही इतिहास असतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आज मी अशाच एका कापाविषयीं बोलणार आहें. कोंबडीचा किंवा टर्कीचा कणा कापून काढावयाचा, पक्षी उलटून त्याच्या छातीवर तळहातानें दाब द्यावयाचा, आणि उघड्या पुस्तकाप्रमाणें तो सपाट पसरून भाजावयाचा, एवढीच ती कृति. इंग्रजींत तिला 'स्पॅचकॉक' असें नांव आहे. चार-पांच किलोंची टर्की घरच्या घरीं, घरच्याच हत्यारांनीं भाजूं पाहणारे लोक अलीकडे तिचा पुरस्कार करूं लागले आहेत. परंतु कृति नवी नाहीं. आणि सोलापूरच्या रस्त्यावर उभें राहून मागें पाहिलें, तर तिचा इतिहास आपल्या उंबरठ्याच्या बराच जवळून गेलेला दिसतो. शाकाहारी श्रोत्यांनीं लगेच रेडिओ बंद करूं नये. विषय मांसाचा असला, तरी प्रश्न बराचसा भूमितीचा आहे, आणि शेवटीं तो आपल्या माळरानाचाही होणार आहे.

प्रथम अडचण कोणती तें पाहूं. पक्षी म्हणजे एकाच जातीच्या मांसाचा गोळा नव्हे. ज्या स्नायूंना दिवसभर चालण्याचें काम पडतें, ते मांडीचे व तंगडीचे स्नायू तांबूस, चिवट व स्निग्ध असतात. त्यांतील तंतू विरघळून मांस मऊ होण्यास ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. टर्की किंवा कोंबडी फारशी उडत नाहीं, म्हणून तिच्या छातीचे स्नायू पांढरे व नाजूक. ते ६५ अंशांच्या सुमारास रसाळ असतात आणि ७५ अंशांच्या पुढें गेले कीं भुशासारखे कोरडे होऊं लागतात. आतां असा पक्षी अखंड ठेवून भट्टींत घातला, तर जें व्हावें त्याच्या नेमकें उलट होतें. छाती उंच आलेली असल्यामुळें झळ प्रथम तिला लागते. मांड्या अंगाशीं दुमडून खालीं दडलेल्या असतात, आणि पोटाची पोकळी आंतून बराच वेळ थंड राहते. मांडीची वाट पाहावी तर छाती सुकते. छाती सांभाळावी तर सांध्यापाशीं मांस कच्चें राहतें. किलोभराच्या गावठी कोंबडींत हा भेद निभावून जातो. पक्षी चौपट-पांचपट मोठा झाला म्हणजे तो लपत नाहीं.

तंगडी आणि छाती यांतील हा भेद आपल्या देशांत एका बादशहानेंच नोंदवून ठेवला आहे. पानिपतच्या १५२६ च्या लढाईनंतर बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानांतील पशुपक्ष्यांचें वर्णन केलें. त्यांत पाखरांच्या चवीचाही विचार आहे. कोणाची तंगडी चांगली लागते, कोणाची छाती. परंतु 'खरचाल' नांवाच्या पक्ष्याचें मात्र सर्वच मांस उत्तम असतें, असा त्याचा अभिप्राय आहे. हा खरचाल म्हणजे आपला माळढोक, असें पक्षिशास्त्रज्ञ मानतात. बादशहाची ही शिफारस माळढोकाच्या हिताची ठरण्यासारखी नव्हती. पण तें पुढें येईल.

बाबराला टर्की ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तो पक्षी मूळ अमेरिकेचा. मेक्सिकोंतील लोकांनीं तो दोन हजार वर्षांपूर्वींच माणसाळविला होता, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत आणला. त्याच्या नांवांची गंमत ऐकण्यासारखी आहे. इंग्रजानें त्याला तुर्कस्तानचा ठरविलें. तुर्कांनीं त्याचें नांव 'हिंदी' ठेवलें. फ्रेंचांनींही त्याला हिंदुस्थानचाच कोंबडा मानलें. डच लोकांनीं त्याला थेट कालिकत बंदराचें नांव दिलें. मलाया द्वीपकल्पांत मात्र तो डचांचा कोंबडा झाला. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, आणि जुन्या हिंदुस्थानींतही तेंच नांव रूढ झालें होतें. मराठी माणसाला या शब्दानें झाड आठवतें, पंख आठवत नाहींत, हा भाग निराळा. प्रत्येकानें पक्षी दुसऱ्याच्या माथीं मारला, आणि ज्या देशाचा तो खरा, त्याचें नांव बहुतेकांस सुचलें नाहीं.

हा पाहुणा मोगल दरबारीं पोहोंचला तो आपल्या शेजारच्या गोव्यावरून. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, आणि समुद्रापलीकडील नवलाच्या वस्तु तेथें उतरूं लागल्या. १६१२ सालीं जहांगीराचा विश्वासू सरदार मुकर्रबखान गोव्यास जाऊन आला, आणि त्यानें तेथून आणलेल्या दुर्मिळ वस्तूंत एक टर्की नर होता. जहांगीर खुष झाला. त्यानें लिहिलेलें वर्णन आजच्या निसर्ग-अभ्यासकानेंही वाखाणावें असें आहे: पक्षी लांडोरीहून मोठा, मोराहून लहान, माजावर आला म्हणजे मोरासारखा पिसारा फुलवितो, डोक्यामानेचा रंग घटकेंत पोवळ्यासारखा, घटकेंत कापसासारखा, घटकेंत पिरोजासारखा, आणि कपाळावरील मांसाचा तुरा कधीं हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो, तर कधीं गेंड्याच्या शिंगासारखा ताठ उभा राहतो. पणजोबा बाबरानें प्राण्यांचें वर्णन केलें, पण त्यांचीं चित्रें काढविलीं नाहींत, ही उणीव त्याला जाणवली होती. म्हणून त्यानें चित्रकारांना बोलावलें. उस्ताद मन्सूरच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें टर्कीचें तें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. दरबारांत हा पक्षी पाहण्याची वस्तु होता.

टर्की अशी राजमार्गानें चित्रांत गेली. ज्या कापाची मी गोष्ट सांगत आहें, तो मात्र आपल्या मुलुखांत निराळ्या वाटेनें आला. तो साध्या कोंबडीवरून आला, आणि धुळीच्या रस्त्यानें आला.

१८१८ सालच्या मे महिन्यांत जनरल मन्रोनें सोलापूर घेतलें आणि पुण्याहून हैदराबादेकडे जाणारी वाट इंग्रजांच्या नित्य वहिवाटीची झाली. पुणें ते सोलापूर हें अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें दीडशें मैलांहून थोडें अधिक. दिवसाकाठीं दहा-बारा मैलांची मजल धरली, तर पंधरवडा लागे. अशा लांबच्या रस्त्यांवर मजल-दरमजल सरकारी मुक्कामाचे बंगले असत. डाकेच्या रस्त्यावरचे म्हणून त्यांना 'डाक बंगला' हें नांव पडलें. चार भिंती, एक खाट, एक मेज, आणि मागच्या अंगणांत खानसामा व त्याच्या कोंबड्या, असा तेथील थाट. उन्हाळ्यांत मांस कांहीं तासांत नासावें अशी येथील हवा. बर्फ नाहीं, साठवण नाहीं; तेव्हां मांस टिकविण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे तें चालतें-फिरतें ठेवणें! मेणा दाराशीं उतरला कीं खानसामा अंगणांत धांवे, आणि साहेबाचें स्नान होऊन तो मेजाशीं बसेपर्यंत एक कोंबडी पाठींत चिरून, सपाट करून, निखाऱ्यावर भाजून पुढें येई. यूल आणि बर्नेल यांनीं १८८६ सालीं छापलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या सुप्रसिद्ध कोशांत या पदार्थाची नोंद आहे. हिंदुस्थानांतील इंग्रजांनीं त्याला थट्टेनें दिलेलें नांव 'आकस्मिक मृत्यु' असें होतें.

थट्टा बाजूला ठेवून खानसाम्याची करामत पाहिली पाहिजे. त्याच्यापाशीं भट्टी नव्हती. एक सुरी, एक जाळी व मूठभर निखारे होते. अखंड कोंबडी निखाऱ्यावर धरली असती तर बाहेरून करपून आंत कच्ची राहिली असती. पाठ उघडतांच तिची जाडी निम्म्याहून कमी झाली. उष्णतेला आंत शिरण्यास जवळची वाट मिळाली. दुमडलेल्या मांड्या मोकळ्या होऊन झळीसमोर आल्या. तरीही हा पदार्थ चिवट म्हणून बदनाम झाला, तो दोष कापाचा नव्हे. पक्षी मेल्यावर थोड्याच वेळांत त्याचे स्नायू ताठरतात, आणि त्या अवस्थेंत शिजविलेलें मांस दांतांस दाद देत नाहीं. खानसाम्यानें निखाऱ्याचा वेळ वांचविला, पण मांस मुरण्याचा वेळ त्याला कोणी दिला नाहीं.

इंग्रजांनीं ही कृति येथेंच शिकली असें मात्र नव्हे. फ्रान्सिस ग्रोज यानें १७८५ सालीं बाजारू इंग्रजी शब्दांचा जो कोश छापला, त्यांत 'स्पॅचकॉक' हा अचानक प्रसंगीं करण्याचा आयरिश पदार्थ म्हणून दिला आहे. त्याच्या मतें हा शब्द तांतडी दाखविणाऱ्या 'डिस्पॅच' या शब्दापासून झाला. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस जॉर्जिया देशांत 'तबाका' नांवाची कोंबडी अशीच चिरून, सपाट करून, वर वजन ठेवून तव्यांत परततात. इटलींतही सपाट कोंबडीवर वीट ठेवून ती भाजण्याची चाल आहे. जेथें जेथें इंधन थोडें, भांडें उथळ आणि भूक मोठी, तेथें तेथें माणसाला ही युक्ति सुचली असें दिसतें.

मग हा सोपा मार्ग सोडून मोठा पक्षी अखंड भाजण्याचा अट्टहास कां झाला? त्याचें कारण चवींत नसून मेजाच्या शोभेंत आहे. विलायती घरांत नाताळचा पक्षी अखंड, फुगलेला, सोनेरी असा सर्वांसमोर यावा आणि यजमानानें सुरी घेऊन त्याचे वाटे करावे, ही प्रतिष्ठेची रीत होती. पाठ काढलेला पक्षी मेजावर दिमाख दाखवीत नाहीं. डाक बंगल्यांतील कोंबडी थट्टेचा विषय झाली आणि मेजवानीची टर्की गौरवाचा, यांत चवीपेक्षां मानाचाच भाग अधिक होता.

या मोठ्या पक्ष्याच्या हौसेची आमच्या माळरानानें दिलेली किंमत येथें सांगितली पाहिजे. सोलापूर, अहमदनगर या बाजूच्या कोरड्या गवताळ माळांवर निसर्गानेंच एक टर्कीहून भव्य पक्षी ठेवला होता, तो हा बाबरानें वाखाणलेला माळढोक. पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोंपर्यंत भरतो. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी १८३२ सालीं प्रसिद्ध करणारा कर्नल साइक्स यानें हा पक्षी येथें विपुल असल्याचें लिहिलें आहे. आणि एकट्या एका गृहस्थानें सुमारें हजार माळढोक मारल्याचेंही त्यानेंच नमूद केलें आहे. ज्याची मादी वर्षाकाठीं बहुधा एकच अंडें घालते, त्या पक्ष्यानें असा हिशेब कोठवर पुरवावा? पुढें माळ नांगराखालीं गेले, चराई वाढली, विजेच्या तारा आल्या, आणि बंदुकीनें आरंभलेलें काम या कारणांनीं पुढें नेलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली. १९७९ सालीं सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोकासाठीं अभयारण्य झालें. परंतु आज साऱ्या देशांत हा पक्षी दीडशेंच्या आसपासच उरला आहे, तो बहुतेक राजस्थानांत. आणि ज्या नान्नजला त्याचें नांव आहे, तेथें त्याचें दर्शन घडणें हें भाग्य समजावें लागतें. बाबराच्या जिभेनें दिलेलें प्रशस्तिपत्र असें महाग पडलें.

१८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोहोंचली. पंधरवड्याचा प्रवास एका दिवसावर आला, आणि खानसाम्याच्या अंगणांतील धांवपळही हळूहळू ओसरली. त्याचा काप मात्र वांचला. आणि आज तो उपयोगी पडतो आहे तो त्याच टर्कीला, जी एके काळीं केवळ दिमाखासाठीं अखंड ठेवीत. आपल्या देशांतही आतां टर्की पाळतात. बरेलीजवळील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें 'कारी विराट' नांवाचा टर्कीचा वाण तयार केला आहे. तेव्हां ज्या घरीं हा पक्षी येईल, त्यांनीं खानसाम्याचा धडा कसा गिरवावा, तें थोडक्यांत सांगतों.

गोठविलेला पक्षी असेल तर तो शीतकपाटांतच विरघळूं द्यावा; दर दोन-सवादोन किलोंस एक दिवस धरावा. नळाखालीं धुऊं नये. त्यानें जंतु जात नाहींत, ओट्यावर मात्र उडतात. पक्षी कोरडा पुसून जाड पाटावर पालथा ठेवावा, आणि पाटाखालीं ओलें फडकें घालावें म्हणजे तो सरकत नाहीं. हत्यार म्हणून घरांतील मजबूत कात्री पुरते. ती नसेल तर जड सुरी. शेपटीकडून आरंभ करून कण्याच्या एका बाजूनें, कण्याला अगदीं लागून, बरगड्या एकेक कापीत मानेपर्यंत जावें. मग दुसऱ्या बाजूनें तसेंच करावें. मांडीच्या सांध्यापाशीं कात्री अडेल. तेथें जोर न करतां टोंक थोडें फिरवून सांध्याची फट शोधावी. कणा सुटून हातीं आला कीं पक्षी उलटावा. छातीच्या मध्यभागीं नांगराच्या फाळासारखें एक हाड असतें. त्यावर एकावर एक दोन्ही तळहात ठेवून अंगाचा भार द्यावा. कट् असा आवाज होऊन पक्षी सपाट बसतो. न बसल्यास आंतल्या बाजूनें त्या हाडाच्या कुर्चेला सुरीनें एक खांच द्यावी आणि पुन्हा दाबावें. वरवंट्यानें ठोकूं नये; हाडाच्या कपच्या मांसांत शिरतात. पंखांचीं टोकें मागें मुडपावीं, म्हणजे करपत नाहींत.

मग किलोस सुमारें दहा ग्रॅम मीठ सर्वांगास चोळून पक्षी रात्रभर शीतकपाटांत उघडा ठेवावा. मीठ आंत मुरतें, कातडी सुकते, आणि खानसाम्याला न लाभलेला अवकाश मांसाला मिळतो. सोलापुरी काळा मसाला घालावयाचा असल्यास तो तेलांत कालवून कातडीखालीं चोळावा. कातडीवर लावल्यास कडक आंचेनें जळून कडू होतो. ताटांत कांद्याच्या जाड चकत्या अंथराव्या, त्यांवर पक्षी छाती वर करून पसरावा, आणि २२० अंशांच्या भट्टींत ठेवावा. चार ते पांच किलोंचा पक्षी सव्वा ते दीड तासांत होतो. अखंड असतां, मंद आंचेवर, त्यालाच तीन तासांच्या आसपास लागले असते. मांड्या आतां कडेला, उष्णतेच्या तोंडाशीं असतात आणि छाती मध्यें; म्हणून ज्याला अधिक उष्णता हवी त्याला ती अधिक मिळते. उष्णतामापकाची सुई मांडीच्या जाड भागांत, हाडाला न लावतां खुपसावी. छाती व मांडी दोन्ही ठिकाणीं निदान ७४ अंश भरले म्हणजे पक्षी खाण्यास निर्धोक झाला. नंतर वीस मिनिटें तो तसाच ठेवून मग कापावा.

एक सावधगिरी आधींच घ्यावी. सपाट केलेली टर्की बरीच ऐसपैस पसरते आणि आपल्याकडील लहान विजेच्या भट्टींत मावेलच असें नाहीं. ताट अगोदर मोजून पाहावें. मावत नसेल तर दोन्ही मांड्या सांध्यांत सोडवून बाजूला ठेवाव्या. कापाचा हेतु त्यानें बिघडत नाहीं, उलट तो पुरताच साधतो.

आणि तो काढलेला कणा? त्याला फेंकूं नये. मान व कणा कांद्याखोबऱ्याच्या वाटणांत मंद आंचेवर दोन तास शिजविले कीं जो रस्सा होतो, त्यांत ज्वारीची कडक भाकरी कुस्करून खाणाऱ्या सोलापूरकरास टर्कीच्या परदेशी कुळाची आठवण देखील राहणार नाहीं.

श्रोतेहो, एका कापाची ही कथा. अखंड पक्ष्याच्या दिमाखाचा मोह ज्याला सोडतां येतो, त्याचें इंधन वांचतें, वेळ वांचतो, आणि पानावरचा शेवटचा घासही रसाळ राहतो. हें त्या निनांवी खानसाम्यानें एका सुरीनें दाखवून दिलें. मोठ्या पक्ष्याची हौस आतां पाळलेल्या पक्ष्यावर भागते. माळावरच्या पक्ष्याला आपण फार उशिरा मोकळें सोडलें. नान्नजचें गवत अजून उभें आहे, तें तसेंच उभें राहील एवढें पाहणें आपल्या हातीं आहे. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.